नव्या रायफलची शिस्त

परदेशातून मागवलेली नवी मॅच रायफल पेटीतून बाहेर काढली, की तिच्यासोबत बहुतेक वेळा एक छोटा कागद निघतो. कारखान्यात नळी क्लॅम्पमध्ये आवळून, पन्नास मीटरवर झाडलेल्या गोळ्यांचा तो नमुना असतो. गोळ्या अनेक, भोक जवळजवळ एकच. काही लाख रुपये, शस्त्रपरवाना, आयातीची परवानगी, कस्टम्सच्या फेऱ्या एवढं सगळं पार पाडून घरी आलेल्या वस्तूची ती हमी, म्हणून तो कागद जपून ठेवला जातो. पालक त्याचा फोटोही काढतात.

मग रायफल रेंजवर जाते. नळी तीच आणि बोल्टही तोच. कागदावरची भोकं मात्र पांगलेली असतात. दोन उजवीकडे, एक वर, आणि एक अशा जागी की तिचा हिशेबच लागू नये. नेमबाज स्वतःला दोष देतो, प्रशिक्षक श्वासाला देतात, आणि पालकांच्या मनात येतं की आपण फसलो तर नाही?

फसवणूक सहसा झालेली नसते. नवी रायफल ही अचूकतेची शक्यता असते, आणि ती प्रत्यक्षात उतरवायला बरेच महिने जातात. या महिन्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. पदक मिळालं की गावातली मिरवणूक दिसते. स्क्रू किती आवळला होता आणि गोळ्या कुठल्या लॉटच्या होत्या हे दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं ते अशाच एका मॅच रायफलनं. त्यामुळे या खटाटोपाकडे आता मराठी वाचकानं थोडं निरखून पाहायला हरकत नाही.

दहाचं वर्तुळ केवढं?

कॉलेजात एनसीसी केलेल्या माणसाला ‘पॉइंट टू टू’ माहीत असते. गवतावर आडवं पडून, खांद्याला बट टेकवून झाडलेल्या त्या पाच गोळ्या आणि उस्तादांचा ‘ग्रुपिंग’ या शब्दावरचा भर बऱ्याच जणांच्या लक्षात असतो. ऑलिंपिकमधली पन्नास मीटर रायफल तेच काडतूस झाडते. 1887 पासून चालत आलेलं, पॉइंट टू टू लाँग रायफल या नावाचं. गोळी शिशाची, वजन अडीच ग्रॅमहून थोडं जास्त, व्यास 5.6 मिलिमीटर. काडतूस बदललेलं नाही. त्याच्याकडून जी अपेक्षा केली जाते ती मात्र कुठल्या कुठे गेली आहे.

पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळीची कड त्या वर्तुळाला शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतो. पण अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. या आठ मिलिमीटरचे दहा भाग पडतात आणि प्रत्येक 0.8 मिलिमीटरला एक दशांश कमी होतो. मध्याच्या 0.8 मिलिमीटरच्या आत गोळी लागली तर 10.9. त्याहून मोठा आकडा या खेळात नाही.

पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी झालेल्या शातोरूमधल्या, तीन स्थितींच्या त्या अंतिम फेरीत स्वप्नीलचे गुडघ्यावर बसून झाडलेल्या पंधरा गोळ्यांचे गुण झाले 153.3, आणि आडवं पडून झाडलेल्या पंधरांचे 156.8. उभ्यानं झाडायच्या फेरीतल्या शेवटच्या चार गोळ्या होत्या 10.5, 9.4, 9.9 आणि 10.0. चव्वेचाळिसाव्या गोळीनंतर एकूण 451.4 आणि तिसरा क्रमांक. हे आकडे मिलिमीटरमध्ये वाचले तर असं दिसतं: आडवं पडल्यावर त्याची गोळी मध्यापासून सरासरी सुमारे चार मिलिमीटरवर लागत होती, गुडघ्यावर सुमारे सहा, उभ्यानं सुमारे सात. अंतर पन्नास मीटर, डोळ्यासमोर भिंग नाही, मागे एक बारीक छिद्र आणि पुढे माशीच्या जागी एक कडी. एवढ्यावर हे चाललेलं असतं.

आता यात रायफलचा वाटा किती, हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटतं. समजा, नेमबाजाच्या हाताची चूक आणि रायफलची स्वतःची चूक अशा दोन चुका आहेत. त्या साध्या बेरजेनं वाढत नाहीत. दोघींचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. उभ्या नेमबाजाचा पसारा तीस मिलिमीटरचा असेल आणि रायफलचा दहाचा, तर एकूण होतो साधारण साडेएकतीस. रायफलचा पसारा चौदा झाला तरी एकूण तेहतिसाच्या जवळपासच राहतो. फरक जाणवणारही नाही. पण कसलेला नेमबाज आडवा पडला, त्याचा स्वतःचा पसारा आठवर आला, की दहाच्या रायफलसोबत एकूण तेरा होतो आणि चौदाच्या रायफलसोबत सोळाच्या पुढे जातो. दहा गुणांची हद्द बरोबर सोळा मिलिमीटरची आहे. एक रायफल हद्दीच्या आत राहते, दुसरी रेषेवर.

म्हणूनच नुकत्या शिकायला लागलेल्या मुलासाठी सर्वांत महागडी रायफल आणण्याचा हट्ट हा पैशांचा अपव्यय आहे. त्याच्या पसाऱ्यात ती रायफल दिसणारच नाही. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत आडवं पडून साठ गोळ्यांत 597 गुण केले, विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या पातळीवर सहाशेपैकी फक्त तीन गुण जातात, आणि तिथे रायफलच्या एकेका मिलिमीटरला किंमत येते.

एका वेळी एकच

या प्रकारात रायफल एकेक गोळी हातानं भरायचीच असावी लागते. मॅगझिन चालत नाही. नियम नसता तरी चांगल्या कारागिरानं असंच केलं असतं. मॅगझिनसाठी रायफलच्या पोटाला खालून खिडकी पाडावी लागते आणि ज्या पोलादी पेटीत बोल्ट सरकतो ती तेवढी कमकुवत होते. एकगोळी रायफलचं पोट भरीव असतं, त्यामुळे गोळी सुटताना ती कमी वाकते, आणि वाकली तरी दर वेळी सारखीच वाकते. दुसरा फायदा गोळीचा. मॅगझिनमधून वर ढकलली जाणारी मऊ शिशाची गोळी कडेला घासू शकते. इथे मात्र काडतूस बोटांनी उचलून घसरणीवर ठेवायचं आणि बोल्ट सावकाश पुढे ढकलायचा.

बोल्ट बंद होताना शेवटच्या टप्प्यात हाताला किंचित अडथळा जाणवतो. मॅच रायफलची चेंबर आखूड आणि तंग कापलेली असते. बोल्ट बंद होता होताच गोळीच्या अंगावर नळीतल्या पिळाच्या खाचा उमटतात, म्हणजे झाडण्याआधीच गोळी नळीच्या मध्यरेषेवर येऊन बसते. शिकारीच्या साध्या पॉइंट टू टूमध्ये चेंबर ऐसपैस असते, कारण तिथे काडतूस कुठलंही असलं तरी चटकन आत गेलं पाहिजे. अचूकता आणि खात्री यांचं पहिलं भांडण इथेच लागतं. चेंबर जितकी तंग, तितकी गोळी सरळ. आणि जितकी तंग, तितकी काजळी आणि मेण साठल्यावर बोल्ट अडण्याची शक्यता जास्त. न झाडलेलं काडतूस बाहेर काढायला गेलं तर गोळी खाचांत अडकून राहते आणि पितळी पुंगळी तेवढी हातात येते, सगळी दारू बोल्टवर सांडते. स्पर्धेच्या मध्यात हे झालं की घड्याळ थांबत नाही.

उल्म हे दक्षिण जर्मनीतलं शहर या धंद्याची पंढरी मानलं जातं. 1856 मध्ये थुरिंगियात सुरू झालेली आन्शुट्झ आणि 1886 मध्ये सुरू झालेली वाल्थर, या दोन्ही कंपन्या दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आल्या. आन्शुट्झनं 1950 च्या दशकात आणलेली ‘54’ या क्रमांकाची यंत्रणा सुधारत सुधारत आजही चालते. स्वित्झर्लंडमध्ये ब्लायकर आणि ग्र्यूनिग उंड एल्मिगर ही छोटी, पण नावाजलेली घरं आहेत. नव्या रायफली आल्या की जाहिरातीत अॅल्युमिनियमचे चकचकीत दस्ते दिसतात. खरी स्पर्धा चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतच्या काही मिलिसेकंदांची असते. तेवढ्या वेळात नेमबाजाचं हृदय आणि हात रायफलला हलवत असतात. फायरिंग पिन हलकी करा, तिची धाव कमी करा, स्प्रिंग तेज करा, म्हणजे हलायला वेळच कमी मिळेल, असं हे सगळं गणित आहे.

गोळ्यांचा लॉट

नव्या रायफलच्या मालकानं पहिला खर्च गोळ्या तपासण्यावर करावा, असं जाणकार सांगतात. आणि ते पटतं.

पॉइंट टू टूच्या काडतुसाला इतर काडतुसांसारखी मधोमध टिकली नसते. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं. पिन त्या कडेवर आदळते, कड चेपते आणि ठिणगी पडते. मिश्रण कडेत सगळीकडे सारखं पसरलं नसेल, तर ठिणगी कमी-जास्त होते, दारू कमी-जास्त वेगानं जळते आणि गोळीचा वेग बदलतो. शिवाय हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरचे नेमबाज स्वतः दारू मोजून काडतुसं बनवतात. इथे कारखान्यानं जे दिलं त्यातूनच निवडायचं. बर्मिंगहॅमची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस ही मोठी नावं. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची दोन खोकी वेगवेगळ्या लॉटची असतील, तर एक तुमच्या नळीवर प्रेम करतं आणि दुसरं करत नाही. असं का, याचं पूर्ण उत्तर त्या बनवणाऱ्यांकडेही नसावं, असा संशय येतो.

वेगाचं महत्त्व एका हिशेबानं कळेल. मॅचची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 330 मीटर वेगानं निघते आणि पन्नास मीटरला पोचायला साधारण 0.16 सेकंद घेते. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला बारा-तेरा सेंटिमीटर खाली ओढतं. ते ठरलेलं असतं, साइट त्यानुसार लावलेली असते. पण एखादी गोळी सेकंदाला दहा मीटरनं मंद निघाली, तर ती आणखी सुमारे आठ मिलिमीटर खाली जाते. नेम अगदी मध्यावर असताना 10.9 च्या जागी 10.0. नेमबाजाची काही चूक नाही, वाऱ्याचीही नाही. कागदावर ग्रुप उभा लांबट आला, तर पहिला संशय वेगावर घ्यावा तो यामुळे.

वेग मुद्दाम ध्वनीच्या खाली ठेवतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडताना किंवा पुन्हा खाली येताना गोळीला हादरे बसतात. यात हवामान डोकावतं. पुण्याच्या उन्हाळ्यात 35 अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला 352 मीटर असतो, तर युरोपातल्या दहा अंशांच्या गारठ्यात 337. घरी सुरक्षित अंतरावर असलेली गोळी तिथे त्या सीमेच्या अगदी जवळ येते. दुसरीकडे थंडीत दारूही थोडी मंद जळते. म्हणून पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर एप्रिलमध्ये उत्तम ठरलेला लॉट परदेशात तसाच वागेल, असं गृहीत धरून चालत नाही.

लॉट तपासण्याची रीत अशी. रायफलचा दस्ता काढून नळी आणि यंत्रणा एका जड क्लॅम्पमध्ये आवळतात. माणूस बाजूला होतो, फक्त चाप ओढतो. प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे काही ग्रुप घेतात, ते एकमेकांवर ठेवतात आणि मग पसारा मोजतात. कंपन्यांची अशी चाचणी केंद्रं आहेत. बंद बोगदा, वारा नाही, इलेक्ट्रॉनिक टार्गेट. भारतीय संघातले नेमबाज युरोपात गेले की तिथे रायफल घेऊन जातात आणि पसंत पडलेल्या लॉटची खोकी राखून ठेवतात. ज्याला युरोप परवडत नाही तो उपलब्ध असतील ते लॉट थोडे थोडे घेतो, रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवतो आणि त्यातल्या त्यात बरा लॉट निवडतो.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात अनुभवी माणसंही सापडतात. पाच गोळ्यांचा सुंदर ग्रुप. पाचही एका भोकात आल्या की मन लगेच निकाल देऊन मोकळं होतं. पण थोड्या गोळ्यांत नशिबाचा हात मोठा असतो. त्याच लॉटच्या पुढच्या पाच दुप्पट पांगू शकतात. चाळीस गोळ्यांचा ग्रुप दिसायला नेहमीच वाईट असतो आणि विश्वास ठेवावा तो त्याच्यावरच. मोबाइलवर फिरणारे पाच गोळ्यांचे फोटो पाहून रायफल घ्यायची नाही, एवढं पथ्य पाळलं तरी बराच पैसा वाचेल.

स्क्रू, लाकूड आणि पाऊस

लॉट ठरला तरी क्लॅम्पमधला ग्रुप खांद्यावर येत नाही. कारण मध्ये दस्ता आहे.

यंत्रणा दस्त्याला दोन स्क्रूंनी बांधलेली असते. ते किती आवळले यावर नळी कशी थरथरते हे ठरतं. गोळी सुटताना नळी ताणलेल्या तारेसारखी कंप पावते, आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर तिची जागा. म्हणून आवळण ‘घट्ट’ असून भागत नाही, ती मोजलेली लागते. पाच न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा उत्पादक सुचवतात. टॉर्क पान्यानं त्याच्या अलीकडे-पलीकडे थोडं थोडं सरकत, प्रत्येक पायरीला ग्रुप घेत आपल्या रायफलचा आकडा शोधायचा. पुढचा स्क्रू बदलताना मागचा बदलायचा नाही. शिस्त आहे ती एवढीच: एका वेळी एक गोष्ट बदला, वहीत लिहा, मग दुसरी. नवशिका स्क्रूही आवळतो, लॉटही बदलतो आणि त्याच दिवशी बटची लांबीही वाढवतो. ग्रुप सुधारला तर कशामुळे, हे त्याला कधीच कळत नाही.

लाकडी दस्त्याचं सौंदर्य वादातीत. पण कोल्हापूर-राधानगरीच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि जूनमध्ये बसवलेली आवळण ऑक्टोबरमध्ये तीच राहत नाही. पूर्वी यावर उपाय म्हणून यंत्रणेखालच्या लाकडात रेझिन ओतून पक्की बैठक करत. अॅल्युमिनियमच्या दस्त्यांनी हा प्रश्न जवळपास मिटवला. त्यांनी नवा आणला तो स्क्रूंचा. गालाची पट्टी, बटची हूक, हातपट्टी, मूठ, सगळं दहा दिशांना हलवता येतं; आणि जे हलवता येतं ते कधीतरी आपोआप सैल होतं. भरकटलेला ग्रुप घेऊन महिनाभर नळीला शिव्या घालाव्यात आणि शेवटी साइटचा बारकासा स्क्रू सैल निघावा, हे रेंजवर इतकं सर्रास घडतं की जुने प्रशिक्षक कुठलीही तक्रार ऐकली की आधी अॅलन की मागतात.

नळीच्या थरथरण्याचा उपयोगही करून घेता येतो. नळीचं तोंड वर जात असताना गोळ्या बाहेर पडल्या, तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणजे किंचित वरच्या दिशेनं निघते आणि तिच्या जास्त घसरणीची भरपाई होते. तोंडाजवळचं वजन थोडं पुढे-मागे सरकवून हा मेळ साधायचा प्रयत्न करतात. जमला तर उभा लांबट ग्रुप गोल होतो. जमला नाही तर माणूस त्यात अडकून पडतो.

वेळेवर पेटली पाहिजे

अचूकतेच्या गप्पा रंगतात, भरवशाच्या नाहीत. रायफल पेटलीच नाही तर ग्रुपचं काय करायचं?

टोकियोत 2021 मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्यात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. उरलेल्या वेळात घाईनं गोळ्या झाडून ती 575 वर पोचली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तेही एकगोळी शस्त्रच होतं. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं दोन ब्राँझ पदकं मिळवली, म्हणून ती गोष्ट आता हसून सांगता येते.

पॉइंट टू टू रायफलमध्ये भरवशाचं केंद्र म्हणजे फायरिंग पिन. रिकामी पुंगळी उचलून तिच्या कडेवरची खूण पाहिली, की जाणकाराला पुष्कळ कळतं. खूण उथळ असेल तर स्प्रिंग थकली आहे. ती कडेच्या फार आत असेल, तर मिश्रणावर नीट मार बसत नाही. थकलेली स्प्रिंग एकदम दगा देत नाही, आधी ती ठिणगी असमान करते. म्हणजे ग्रुप उभा पसरू लागतो, आणि गोळी न पेटण्याचे प्रकार फार नंतर सुरू होतात. बिघाडाची पहिली बातमी टार्गेटवर येते ती अशी. म्हणून स्प्रिंग ठरावीक काळानं बदलायची, तुटायची वाट पाहायची नाही. पिनभोवतीचं जाड ग्रीस पुण्यात चालतं, गारठ्यात ते घट्ट होऊन पिनचा मार मंद करतं. बोल्ट आतून जवळजवळ कोरडा ठेवणं बरं. शिवाय गोळी न भरता सराव करताना पिन चेंबरच्या कडेवर आपटली, तर तिथे बारीक ओरखडा उठतो आणि पुढे प्रत्येक काडतूस त्यावर अडतं.

चापाचं वजन या प्रकारात कितीही कमी ठेवता येतं. शंभर ग्रॅमच्या आसपासचे ट्रिगर नेहमीचे. चाप जितका हलका, तितकी रायफल कमी हलते, आणि तितका अपघात जवळ येतो. अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सनं 2008 च्या बीजिंगमध्ये याची किंमत मोजली. शेवटच्या गोळीला त्याला सुवर्णासाठी 6.7 पुरेसे होते. रायफल वरून मध्याकडे उतरत असतानाच बोट चापाला लागलं आणि गोळी गेली 4.4 ला. त्याआधी 2004 च्या अथेन्समध्ये याच प्रकारात त्यानं शेवटची गोळी शेजाऱ्याच्या टार्गेटवर झाडली होती. दोन्ही वेळा रायफल निर्दोष होती.

याच एमन्सची आणखी एक हकीकत या विषयाला जास्त लागू पडते. अथेन्सच्या आधी काही महिने त्याच्या रायफलच्या नळीला कुणीतरी आतून इजा केली. रायफल भलतीकडे झाडू लागली आणि शोध घेतल्यावर ती बिघडवलेली निघाली. त्यानं विद्यापीठातल्या एका जुन्या सहखेळाडूची रायफल मागून घेतली आणि तिनंच अथेन्समध्ये आडवं पडून झाडायच्या प्रकारात सुवर्ण मिळवलं. ‘माझ्याच हाताला बसलेली रायफल हवी’ या श्रद्धेला ही हकीकत धक्का देते. पण ती उसनी रायफलही कुणीतरी आधी नीट बसवलेली होती, हे विसरून चालणार नाही.

चिंधी आणि मेण

एनसीसीत सफाईसाठी पुल थ्रूची दोरी आणि चिंधी मिळते. नळी आरशासारखी चकचकीत दिसेपर्यंत ओढत राहायचं. मॅच रायफलला हे शिक्षण अर्धंच लागू आहे. पॉइंट टू टूच्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा थर असतो आणि नळीच्या आत त्याचा पातळ लेप बसल्यावरच ग्रुप स्थिरावतो. नळी अगदी स्वच्छ केली की पहिल्या काही गोळ्या भटकतात. लॉट किंवा कंपनी बदलली, मेण बदललं, की पुन्हा तेच. म्हणून स्पर्धेच्या पहाटे नळी घासणारा नेमबाज आपल्याच पायावर धोंडा पाडतो. सामन्याआधीच्या पंधरा मिनिटांत चाचणीच्या गोळ्या हव्या तितक्या झाडता येतात, पण त्या साइट लावण्यासाठी असतात, नळी मुरवण्यासाठी नव्हे.

उलट टोकही आहे. चेंबरच्या अगदी पुढे, जिथे पुंगळी संपते, तिथे जळक्या काजळीचं कडं जमतं आणि हळूहळू दगडासारखं होतं. ते गोळी चिरडतं, बोल्ट अडवतं, आणि चिंधीच्या चार फेऱ्यांनी जात नाही. नळी मागून साफ करायची, सळई मध्यावर राहील असं मार्गदर्शक नळकांडं वापरायचं आणि पुढच्या तोंडाला सळई कधीही घासू द्यायची नाही. गोळी नळीचा निरोप घेते ती तिथे, त्यामुळे त्या कडेला पडलेला एक ओरखडा सगळी मेहनत वाया घालवू शकतो. शिशाच्या मऊ गोळीनं नळी झिजून मरण्यापेक्षा चुकीच्या सफाईनं मरण्याची शक्यता जास्त, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

वारा

इतकं करूनही राहतो तो वारा. आडवा, सेकंदाला फक्त एक मीटर वेगाचा वारा, म्हणजे चेहऱ्याला जेमतेम जाणवणारी झुळूक, पन्नास मीटरवर गोळीला सुमारे सात मिलिमीटर सरकवते. शिवाय उजव्या पिळाच्या नळीतून निघालेली गोळी सरळ आडवी सरकत नाही, तिरपी जाते: उजवीकडच्या वाऱ्यानं डावीकडे वर, डावीकडच्यानं उजवीकडे खाली. वाऱ्यात झाडलेला तिरपा ग्रुप पाहून स्क्रू आवळायला घेणं म्हणजे भलत्याच रोगावर औषध. रायफलची परीक्षा घ्यायची तर पहाटे, झेंड्या स्वस्थ असताना.

बालेवाडीच्या रेंजवर सकाळी नेमबाज नेमकं हेच साधायची धडपड करतात. उन्हं चढली की तापलेल्या नळीवरून हवा थरथरायला लागते, म्हणून काही जण नळीवर कापडी पट्टी ताणून बांधतात. वह्या उघड्या असतात: तारीख, तापमान, लॉटचा क्रमांक, साइटचे क्लिक, आणि एखादी भटकी गोळी गेली तर ती सुटताना आपल्याला कळली होती का, याची प्रामाणिक नोंद. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. सुटतानाच कळलेली चूक नेमबाजाची. कळली नाही ती रायफलची, गोळीची किंवा वाऱ्याची. हा फरक ज्याला सांगता येत नाही, त्याला रायफल दुरुस्त करता येत नाही.

महाराष्ट्रानं या प्रकारात माणसं कमी दिलेली नाहीत. अंजली भागवत, दीपाली देशपांडे, तेजस्विनी सावंत, आणि दीपाली देशपांडेंच्याच मार्गदर्शनाखाली घडलेला, पदक मिळवलं तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील. त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या मुलांना घरचे लोक कर्ज काढून रायफल घेऊन देतात. पण ती बसवायची कशी हे सांगणारं जवळपास कुणी असेलच असं नाही. एक जड क्लॅम्प, एक टॉर्क पाना, वेग मोजणारा एक क्रोनोग्राफ आणि ही कामं समजणारा एक प्रशिक्षित आर्मरर, एवढी सोय प्रत्येक विभागीय रेंजवर करायला फार मोठा निधी लागत नाही. एका नव्या मॅच रायफलच्या आसपासच्या खर्चात यातलं बरंचसं बसावं. मिरवणुकीच्या स्वागत कमानी उभारणाऱ्या संघटनांनी, नगरपालिकांनी आणि क्रीडा खात्यानं पुढच्या अंदाजपत्रकात ही एक ओळ घालावी.